जुन्या विटांच्या फायरप्लेसमध्ये लाकडाचा स्टोव्ह इन्सर्ट कसा बसवायचा

आधीच क्लिअर करतो, हे मुंबईतल्या घरासाठी नाहीये. इथे जानेवारीतसुद्धा पंखा लागतो, आणि २०२५ च्या जानेवारीत हायकोर्टाने पाववाल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदला म्हणून सांगितलं, तिथे आपण हौसेखातर लाकडं जाळणं काही बरोबर दिसत नाही. पण मुंबईतल्या बऱ्याच कुटुंबांचा वर घाटावर एखादा जुना बंगला असतो, महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान, खंडाळा, कुठेतरी, आजोबांनी घेतलेला आणि आता सगळ्या भावंडांच्या नावावर असलेला, आणि त्याच्या हॉलमध्ये साहेबाच्या काळातली विटांची फायरप्लेस असते. दिसायला झकास, पण पेटवली की धूर हॉलमध्ये, ऊब आकाशात आणि पाठीला गारवा तो गारवाच. आमच्या मामांच्या महाबळेश्वरच्या बंगल्यात आम्ही भाचेमंडळींनी मिळून तिच्यात इन्सर्ट बसवला, सामान बहुतेक मुंबईतनंच नेलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

इन्सर्ट म्हणजे बिडाची नाहीतर जाड पत्र्याची बंद पेटी, पुढे काचेचं दार, आत फायर ब्रिक्स म्हणजे आग सोसणाऱ्या विटा, हवा कमी-जास्त करायला एक दांडी आणि वरती धूर जायला गोल तोंड. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडाची जेमतेम १० ते १५ टक्के उष्णता खोलीत येते, उलट ती खोलीतलीच गरम हवा ओढून बाहेर फेकते, बऱ्यापैकी इन्सर्टमध्ये हाच आकडा ६५ ते ७५ टक्क्यांवर जातो. तेवढ्याच उबेला लाकूड कितीतरी कमी लागतं आणि धूरही कमी, कारण पेटीच्या वरच्या भागात गरम हवा सोडून धूरच परत जाळला जातो.

आता मुद्द्याचं. लोक सगळं बजेट पेटीवर उडवतात, काच केवढी, रंग कुठला, आणि धुराड्यासाठी "बघू नंतर" म्हणतात. उलटं करा. पेटी साधी घ्या आणि पैसा आणि डोकं धुराड्यात घाला. पेटी बसवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, खरं काम म्हणजे तिच्या तोंडापासून ते छपराच्या वरपर्यंत स्टेनलेस स्टीलचा सलग पाइप, म्हणजे लायनर, टाकणं.

का, ते सांगतो. जुनं धुराडं उघड्या आगीसाठी बांधलेलं असतं, म्हणजे रुंद. समजा आतनं ९ इंच बाय १४ इंच आहे, म्हणजे १२६ चौरस इंच. पेटीचं तोंड ६ इंची, म्हणजे साधारण २८ चौरस इंच. साडेचारपट! नियम असा आहे की धुराडं घराच्या आतल्या भिंतीत असेल तर तोंडाच्या तिप्पट क्षेत्रफळापर्यंत चालतं, बाहेरच्या भिंतीत असेल तर दुपटीपर्यंतच. त्याच्यावर गेलं की धूर आत पसरतो, रेंगाळतो, थंड होतो आणि विटांवर डांबरासारखा चिकट थर धरतो, त्याला क्रिओसोट म्हणतात. हा थर एक दिवस पेट घेतो. धुराड्यातली आग हजार डिग्री सेल्सिअसच्याही वर जाते, आणि आपल्या बंगल्यांच्या विटा चुन्यात बांधलेल्या, सांधे शंभर वर्षांत भुगा झालेले, पलीकडे सागवानी तुळई आणि तिच्यावर कौलांचं लाकूड. बाकी काय होईल ते सांगायला नको.

म्हणून पहिलं काम तपासणी, खरेदी नाही. फायरप्लेसमध्ये वर तोंड करून टॉर्च मारा, मोबाइल काठीला बांधून व्हिडिओ घ्या, वरनंही घ्या. आमच्याकडे आतनं निघालं काय काय, पक्ष्यांची घरटी, पानांचा गठ्ठा, आणि तोंडाशी मधमाश्यांचं रिकामं पोळं. पोळं भरलेलं असेल तर धूर करून माश्या मारू नका, वर मध काढणारी माणसं मिळतात, त्यांना बोलवा. ब्रशने काजळी पूर्ण झाडून घ्या, लायनर टाकायच्या आधी हे करायलाच लागतं कारण जुना थर पाइपच्या बाहेर राहिला तर तो तिथेही तापणारच. मग खाली ओला पेपर आणि थोडी पानं जाळून भरपूर धूर करायचा, वरनं पोत्याने तोंड बंद करायचं आणि एकाने माळ्यावर, एकाने बाजूच्या खोलीत नाक लावून उभं राहायचं. कुठूनही वास आला, धूर दिसला, तर तिथला सांधा गेलाय. गवंड्याला सांगून तो चुन्याने भरून घ्या. गवंडी म्हणेल साहेब सिमेंट मारतो, एका तासात होतंय, नको म्हणा, जुन्या चुन्याच्या मऊ भिंतीत कडक सिमेंट धरत नाही आणि तापलं की तडकतं.

तुळईचं टोक धुराड्याच्या भिंतीत घुसवलंय का ते माळ्यावर जाऊन बघाच. जुन्या घरात हे सर्रास असतं. लाकूड आणि धुराड्याच्या विटा यांच्यात निदान २ इंच मोकळी जागा पाहिजे, आणि आपल्याकडे ती कधीच नसते. भिंत फोडून तुळई कापणं शक्य नाही, त्यामुळे आपल्याला लायनर इन्सुलेशन गुंडाळूनच टाकायचाय, त्याला पर्याय नाही.

मापं. तोंडाची रुंदी पुढून घ्या, मागून घ्या, कारण फायरप्लेस मागे निमुळती होते. उंची पुढे आणि मागे, खोली तळाला आणि वरती, सगळं वेगवेगळं येतं. आम्ही फ्रिजचा खोका कापून पेटीच्या मापाचा डबा केला आणि तो आत सरकवून बघितला, मागच्या वरच्या कोपऱ्यात विटांचा उतार अडत होता ते टेपने कळलंच नव्हतं. पाइप जोडायला पेटीच्या वर हात जाईल एवढी जागा ठेवा. किती किलोवॅटची घ्यायची याचा सोपा हिशोब म्हणजे खोलीचे घनमीटर भागिले १४. १५ बाय १८ फुटांचा हॉल, ११ फूट उंच, म्हणजे ८४ घनमीटर, म्हणजे ६ किलोवॅट. वर छत नसून सरळ मंगलोरी कौलं दिसत असतील तर आधी छताचा बंदोबस्त करा, नुसती मोठी पेटी घेऊन उपयोग नाही. आणि खूप मोठी घेतली तर कायम हवा दाबून धुमसत ठेवावी लागते, मग परत तोच क्रिओसोट. घेताना प्लेटवर युरोपियन असेल तर ईएन १३२२९ (नव्या पेटीवर त्याच्या जागी आलेलं ईएन १६५१०), अमेरिकन असेल तर यूएल १४८२ असं लिहिलंय का बघा.

परवानगीचंही आधीच बघा. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे, त्यात बऱ्याच जुन्या बंगल्यांच्या जमिनी सरकारी लीजवर, छपरावर काही वाढवायचं तर नगरपरिषदेत जाऊन विचारा.

आता खरेदी, आणि इथे मुंबईकरांचा फायदा. पेटीसोबत लायनरचा किट आला तर उत्तम, लवचिक पाइप असतो, वाकड्या धुराड्यातनं पण उतरतो. नाही आला आणि धुराडं सरळ असेल तर ३-३ फुटांचे कडक पाइप फॅब्रिकेटरकडून बनवून घेता येतात. स्टील ३१६ ग्रेडचं, निदान ३०४. किका स्ट्रीट-गुलालवाडीकडे पत्रा मिळतो पण डोळे उघडे ठेवा, २०२ या हलक्या ग्रेडला ३०४ म्हणून खपवणं हा जुना धंदा आहे, आणि लोहचुंबक लावून काही कळत नाही, दोन्हीला तो चिकटत नाही. दुकानात टेस्टिंगचं लिक्विड असतं, समोर थेंब टाकून दाखव म्हणायचं, आणि मिल टेस्ट सर्टिफिकेट मागायचं. एका दुकानदाराने मला किचन चिमणीचा ॲल्युमिनियमचा चुणीदार पाइप दाखवून "हॉटेलवाले हाच नेतात" म्हणून सांगितलं. ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, धुराड्यात आग लागली तर त्याचं पाणी होईल. जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा, डक्ट पण नको, त्याचं जस्त ४२० लाच वितळतं.

इन्सुलेशनला सिरॅमिक वूलचं ब्लँकेट, भट्टीवाले वापरतात तेच, १२८ डेन्सिटीचं. जाडी किती ते जागा बघून ठरवा. ६ इंची पाइपला २५ एमएमचं गुंडाळलं की बाहेरनं ८ इंच होतात, आणि ९ इंची धुराड्यात जागोजागी चुन्याचे गोळे बाहेर आलेले असतात, अडकणार म्हणजे अडकणार. १३ एमएमचं घेतलं की ७ इंच, ते उतरतं. हे ब्लँकेट दिसायला कापसासारखं मऊ, पण त्याचे तंतू फुप्फुसात जाणं वाईट, त्यामुळे चांगला एन-९५ मास्क, हातमोजे, फुल बाह्यांचा शर्ट, आणि कापायचं काम व्हरांड्यात, घरात नाही. नागदेवीला स्टीलची जाळी, स्टीलचेच स्क्रू आणि क्लॅम्प, फायर सिमेंट, दाराची ग्लास फायबरची डोरी, हे सगळं एका फेरीत होतं.

पेटी १३० ते १८० किलो भरते. टेम्पोत चढवायच्या आधी दार काढा, आतल्या फायर ब्रिक्स काढून वेगळ्या गुंडाळा, बरंच वजन उतरतं आणि घाटाच्या वळणांवर काच वाचते. माथेरानवाल्यांना आमची सहानुभूती, गाडी दस्तुरीलाच थांबते, पुढे हातगाडी आणि हमाल. घरात न्यायला फरशीवर प्लायवूड आणि त्याच्यावर दीड इंची पाइपचे तीन तुकडे टाकले की पेटी दोघंजण आरामात ढकलतात.

बसवायच्या आधी फायरप्लेसच्या घशातली लोखंडी झडप, डॅम्पर, काढून टाका. बहुतेक गंजून जाम झालेली असते, ग्राइंडरने कापावी लागते, चौकट पण थोडी कापावी लागेल कारण पाइप तिथनंच जायचाय. पुढची फरशी बघा. दारापासून पुढे निदान १६ इंच आणि बाजूंना ८ इंच दगड किंवा शहाबादी पाहिजे, आणि जमीन लाकडी फळ्यांची असेल तर नुसती वरनं लादी चिकटवून भागत नाही, खाली काय टाकायचं ते पेटीच्या मॅन्युअलमध्ये असतं, ते तसंच्या तसं करा. वरचा सागवानी मँटेल, म्हणजे फायरप्लेसच्या डोक्यावरची फळी, पेटीपासून किती अंतरावर हवा तेही त्यातच दिलेलं असतं. आमच्याकडे मँटेलवर टीव्ही लावायचा बेत होता, मामींनी हाणून पाडला, बरं झालं.

आता पाइप उतरवणं. कोरडा दिवस, वारा नाही, आणि छपरावर जाणारा माणूस दोरीने बांधलेला. कौलांवर सरळ पाय देऊ नका, शिडी आडवी टाकून तिच्यावरनं चाला, नाहीतर पावसाळ्यात भांडी मांडत बसाल. पाइपला ब्लँकेट, वर जाळी, वर क्लॅम्प, असं खालीच गुंडाळून तयार ठेवा. लवचिक असेल तर टोकाला दोरी बांधून खालचा ओढतो आणि वरचा हळूहळू सोडतो, ओढाताण नाही, अडकला की जरा वर घ्यायचा, फिरवायचा, परत सोडायचा. कडक पाइप असतील तर एकेक जोडत खाली सोडायचे, प्रत्येक जोडाला निदान तीन स्क्रू, आणि एक गोष्ट डक्टवाले हमखास उलटी करतात: वरच्या पाइपचं टोक खालच्याच्या आत गेलं पाहिजे, पावसाच्या पाण्याच्या पाइपला असतं तसंच. म्हणजे ओघळणारा क्रिओसोट आतल्या आत पेटीत येऊन जळतो, बाहेर विटांवर झिरपत नाही.

खाली पाइप पेटीच्या तोंडाला बसवणं हा सगळ्यात वैतागाचा भाग आहे, हात पोचत नाही, दिसत नाही, वरनं काजळी डोळ्यात. पेटी अर्धी बाहेर ठेवून जोडायची सोय असेल तर तसं करा, नाहीतर वरच्याने पाइप दोन इंच उचलून धरायचा, पेटी आत सरकवायची, लेव्हल लावून खालचे बोल्ट फिरवायचे आणि मग पाइप तोंडात सोडायचा. तीन स्क्रू, भोवती फायर सिमेंट. मोबाइल आत घालून चहूबाजूंनी फोटो काढा, एका बाजूला पाइप तोंडावर तिरका बसलेला असतो आणि समोरनं अजिबात कळत नाही.

त्याच्या आधी, म्हणजे पेटी पूर्ण आत जायच्या आधीच, घशात ब्लॉक प्लेट लावून घ्यायची. डॅम्पर होता तिथे पत्र्याची बेतलेली प्लेट, मधे पाइपपुरतं भोक, दोन तुकड्यांत कापलेली म्हणजे पाइपभोवती बसते, वरती रॉकवूल आणि कडेने हाय टेम्परेचर सिलिकॉन. बरेच जण हे गाळतात, दिसत नाही म्हणून. मग पेटीची निम्मी ऊब पाइपच्या बाजूने वर जाऊन विटा आणि आभाळ तापवते आणि लोक म्हणतात इन्सर्ट घेऊन काय फरक पडला नाही.

वरती स्टीलची टॉप प्लेट, तिच्या कडेला सिलिकॉन, पाणी अडवायला कॉलर, आणि जाळीवाली टोपी. उंचीचा नियम म्हणजे छपरातनं बाहेर येतं तिथपासून निदान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही असेल त्याच्यापेक्षा २ फूट उंच. पेटीपासून वरपर्यंत एकूण १५ फूट तरी मिळाले पाहिजेत, नाहीतर धूर वर खेचणारी ओढ बसत नाही. टोपी चार स्क्रूंनी नीट आवळा. कंपनीवाल्यांनी ती वाऱ्यासाठी बनवलेली असते, माकडांसाठी नाही, आणि महाबळेश्वरची माकडं सैल टोपी दोन दिवसांत काढून शेजारच्या बंगल्यात नेऊन टाकतील.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, यावर चर्चा नको. बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, तोच हा गॅस, वास नाही रंग नाही. हॉलमध्ये एक आणि झोपायच्या खोलीत एक. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू असताना स्टोव्ह पेटवू नका, तो धूर उलटा खोलीत ओढतो. आणि खिडकीला बोटभर फट कायम, नवीन पीव्हीसी खिडक्या बसवलेल्या बंगल्यात तर नक्कीच.

पहिले दोन-तीन जाळ छोटे, नुसत्या काटक्यांचे, मधे पेटी पूर्ण थंड होऊ द्या. रंग भाजतो, घाण वास येतो, खिडक्या सगळ्या उघड्या, पोरांना तेवढा वेळ वेण्णा लेकवर पाठवा. पेटवताना धूर उलटा आला तर वरचा पाइप थंड आहे, एक पेपरचा बोळा वरच्या अंगाला धरून जाळा, ओढ सुरू होते, मग काटक्या.

लाकूड कोरडं म्हणजे २० टक्क्यांच्या आत ओल. मॉइश्चर मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, ओंडका फोडून आतल्या बाजूला टोचा, बाहेरनं टोचून वखारवाला खूश होतो फक्त. बाभूळ सगळ्यात छान, जड आणि निखारा धरते, सुरू पण चांगलं. बंगल्याच्या आवारातलं झाड वाळलंय म्हणून तोडायचं नाही, परवानगी लागते. फर्निचरचं रंगवलेलं लाकूड, प्लाय, लॅमिनेट, असलं काही आत टाकू नका. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, दगडावर ठेवा, आतला निखारा दोन-तीन दिवस जिवंत राहतो. काच काळी झाली तर ओल्या पेपरला तीच राख लावून पुसा, लख्ख होते, पण रोजच काळी होत असेल तर लाकूड ओलं आहे नाहीतर तुम्ही हवा फार दाबताय.

मे संपायच्या आत धुराडं ब्रशने झाडायचं आणि पेटीतली राख चिमूटभरही ठेवायची नाही, कारण महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि ओली राख स्टील खाते. टोपीवर जाड प्लास्टिक गुंडाळून तारेने बांधा, दार किंचित उघडं ठेवा, बिजागरीला तेल, आणि दाराच्या मुठीला मोठ्या अक्षरात चिठ्ठी, "वर बंद आहे, पेटवू नका", कारण भर जुलैत कोणीतरी चुलतभाऊ मित्रांना घेऊन येतोच. पावसाळ्यात भिंतींना गवताच्या ताट्या बांधत असाल तर धुराड्याच्या बाजूच्या ताट्या पूर्ण उतरल्याशिवाय काडी लावायची नाही. ऑक्टोबरात प्लास्टिक काढलं की आधी टॉर्च, मग ब्रश, दाराच्या डोरीत शंभराची नोट अडकवून ओढून बघा, सहज निघाली तर डोरी बदला, आणि अलार्मचं टेस्ट बटण दाबा.